थोरल्या भावाचे दात

पाण्याच्या पेल्यात ठेवलेली वरची कवळी हसते. खालची नुसतीच पडून राहते.

वाचनालयाचं पुस्तक एक दिवस उशिरा आणलं तरी दंड. आजारी होतो, परगावी होतो, मांजर व्यायलं होतं : सगळ्यांना सारखाच.

चिनी मातीचा दात नऊशे अंशांवर चकाकतो.

टेबलाचा एक पाय आखूड असेल, तर बँकेची पाकिटं न फोडता घडी घालून खाली सारावीत. सहा पाकिटांत टेबल डुगडुगायचं थांबतं. सातव्यात दुसऱ्या बाजूला कलतं.

‘स’ म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागे जाते, पण टेकत नाही. मधल्या फटीतून वारा जातो. ती फट केवढी, यावर माणसाची अब्रू ठरते.

बत्तीशीवाल्यांना थोरला भाऊ नाही. धाकटाही नाही.

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध काय, म्हणाल, तर जरा दम धरा. बत्तीशीवाल्यांनीही धरला होता. चांगला चार महिने.

बत्तीशीवाले म्हणजे कवळ्या करणारे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडात बोटं घालतात, माप घेतात आणि नाव कमावतात. प्रत्यक्षात दात करतात ते बत्तीशीवाले. गल्लीच्या टोकाला सात पायऱ्या उतरून गेलं, की त्यांची एक खोली होती. तिला ते कारखाना म्हणत. प्लास्टरची पोती, मेणाचा वास, आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. उभ्या गल्लीत एवढी तोंडं कुठे नव्हती आणि एवढी शांतताही!

“बँकेच्या माणसाला काय भ्यायचं?” बत्तीशीवाले त्या जबड्यांना सांगत. “रोज चाळीस जबडे माझ्यासमोर आ वासून असतात. एक तरी चावलाय का मला?”

जबडे काही बोलत नसत. त्यांना खरं काय ते ठाऊक होतं.

खरं असं होतं. कोपऱ्यात जी भट्टी होती, चिनी मातीचे दात भाजायची, चकचकीत, बटणांची, ती दोन वर्षांपूर्वी क्रेडिट कार्डावर आली होती. बायकोला मात्र त्यांनी सांगितलं होतं, बचतीतून घेतली. बायको वाचनालयात ग्रंथपाल. वेळेवर परत करता येणार नाही ती वस्तू घरात आणू नये, हा तिचा नियम पुस्तकांपासून पातेल्यांपर्यंत सगळ्याला लागू. भट्टीचे पहिले हप्ते गेले. मग अर्ध्याहून जास्त काम देणाऱ्या डॉक्टरीणबाई दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेल्या आणि हप्ते टेबलाच्या पायाखाली जाऊ लागले. बत्तीशीवाल्यांना बँकेची भीती नव्हती. बायकोची होती. म्हणजे तिच्या ओरडण्याची नाही. ती ओरडत नसे. ती चष्मा नाकावर खाली ओढून नुसती बघे, आणि बघता बघता माणसाला आपण पान फाटलेलं पुस्तक असल्यासारखं वाटू लागे!

आणि एका मंगळवारी कारखान्यातला फोन वाजला. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. थर्मासमधला चहा नुकताच संपला होता.

“नमस्स्स्कार!”

बत्तीशीवाल्यांच्या हातातला मेणाचा दात खाली पडला. बोलणं कसलं, शिट्टी होती ती! किटली उकळावी, त्यात साप बसलेला असावा आणि त्याला राग आलेला असावा, तशी!

“स्स्साहेब, स्स्सात हप्ते थकलेत तुमचे. स्स्सोमवारपर्यंत काय ते स्स्सांगा!”

“कोण साहेब?” बत्तीशीवाल्यांनी विचारलं.

“कार्ड ज्यांच्या नावावर आहे ते. तुम्ही कोण?”

खोटं बोलायची सवय नसली, की माणूस पहिल्या झटक्यात गरजेपेक्षा फार मोठं खोटं बोलतो. मी नोकर, मी शेजारी, राँग नंबर, काहीही चाललं असतं. बत्तीशीवाले म्हणाले, “मी त्यांचा थोरला भाऊ.”

पलीकडे आधी कागद चाळल्याचा आवाज. मग एक लांब, शिट्टीदार उसासा. “बरं झालं दादा, तुम्ही भेटलात! स्स्समजूतदार माणूस तरी स्स्सापडला घरात!”

फोन ठेवल्यावर बत्तीशीवाल्यांना दोन प्रश्न पडले. एक : कार्डाच्या फॉर्मवर तर आपण घरचा नंबर दिला होता, मग या माणसाला कारखान्याचा मिळाला कसा? दुसरा : एवढी भिकार कवळी केली कोणी? वरची कवळी आहे, समोरच्या दातांच्या मागे टाळूकडे गडबड आहे, अर्ध्या मिलिमीटरचा मामला. कोण गाढव असेल!

दुसऱ्या प्रश्नापायी ते पहिला विसरले.

मग दर मंगळवारी, अकरा वाजून पाच मिनिटांनी.

“दादा, भाऊ आहे का?”

“बाहेर गेलाय.”

“नेहमीच कस्स्सा बाहेर असतो?”

“अहो, लहानपणापासून तसाच! शाळेत गुरुजींनी हजेरी घेतली की हा बाकाखाली!”

“काय स्स्सांगता!”

“तर काय! मी म्हणून त्याला सांभाळला. दुसरा असता तर कधीच हाकलून दिला असता.”

थोरला भाऊ व्हायला किती बरं वाटतं, हे बत्तीशीवाल्यांना वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. आवाजात आपोआप वजन यायचं. वसुलीवाला त्यांचा सल्ला घेऊ लागला : मुलीला कुठल्या शाळेत घालू, गुडघा दुखतो त्याला काय लावू. थोरल्या भावाचा मान वाढत गेला आणि धाकट्याची पत रसातळाला गेली. एका मंगळवारी तर बत्तीशीवाल्यांनी फोन ठेवला, नळाजवळच्या आरशासमोर जाऊन उभे राहिले आणि बोट रोखून म्हणाले, “लाज वाटत नाही तुला?”

चौथ्या महिन्यात वसुलीवाला म्हणाला, “दादा, आता वरिष्ठ ऐकत नाहीत. मी शुक्रवारी चार वाजता येतो. तुम्ही भावासाठी हमी म्हणून स्स्सही करा. नाहीतर मला घरी जावं लागेल. घरच्यांना काही स्स्सांगायचं नाही हा आमचा नियम आहे. पण वहिनींच्या हातात एक पाकीट द्यायला नियम आड येत नाही.”

“पाकीट?”

“लाल अक्षरांचं.”

बत्तीशीवाल्यांच्या डोळ्यांसमोर नाकावर खाली सरकलेला चष्मा उभा राहिला. “या,” ते म्हणाले. “शुक्रवारी या. कारखान्यातच या!”

आता पंचाईत अशी, की वसुलीवाल्याच्या फाइलमध्ये धाकट्याचा फोटो. दुसऱ्या कोणी मिशा लावल्या असत्या, टोपी घातली असती, केस पांढरे केले असते. पण तीस वर्षं ज्यानं दातांखेरीज माणसाचं काहीच पाहिलेलं नाही, त्याला एकच उपाय सुचणार. त्यांनी गुरुवारी वही उघडली आणि रीतसर चिठ्ठी लिहिली.

*काम : वरच्या दातांवर चढवायची पट्टी.*
*पेशंट : थोरला भाऊ.*
*वय : धाकट्याहून सहा वर्षांनी जास्त.*
*रंग : चहा पिणाऱ्याचा.*
*समोरचे दोन : मोठे, पुढे आलेले, प्रामाणिक.*
*तातडीचे.*

शुक्रवारी साडेतीनला त्यांनी दात चढवले. चष्मा मुद्दाम घरी ठेवला होता. आरशात धूसर दिसणारा माणूस ससाही होता आणि सज्जनही. “नमस्कार,” तो म्हणाला. “मी थोरला.” फळीवरचे सगळे जबडे आ वासून बघत राहिले.

चारच्या ठोक्याला पायऱ्यांवर पावलं वाजली. आवाजावरून बत्तीशीवाल्यांनी सहा फुटी पैलवानाची तयारी ठेवली होती. आला तो चिमणीएवढा माणूस! छातीशी बॅग धरलेली, पायपुसण्यावर पाय दोनदा पुसले, आणि आधी जबड्यांना नमस्कार केला, मग यांना.

“दादा! अगदी मनात होतात तस्स्सेच आहात!”

फोनवरची शिट्टी काहीच नव्हती. समोरासमोर ती थेट कानातून शिरून दाढेत उतरत होती. वसुलीवाल्यानं कागद पसरला, पेन काढलं. “इथे स्स्सही. इथे दुस्स्सरी. आणि इथे स्स्साक्षीदार...”

बत्तीशीवाल्यांनी पेन घेतलं. टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं. घर बुडो, अब्रू जावो, लाल पाकीट येवो, पण समोर बसून असली कवळी ऐकणं हे त्यांच्या हाडात नव्हतं. गवयासमोर कोणी बेसूर अंगाई म्हणावी, तसं झालं त्यांना!

“काढा,” ते म्हणाले.

“काय?”

“दात! कुठल्या गाढवानं केलेत हे?”

वसुलीवाल्याचे डोळे भरून आले. “होता कोणीतरी, दादा. डॉक्टरीणबाईंनी बाहेरून करून घेतले. तीन वर्षं झाली. मुलगी म्हणते, बाबा, गोष्ट नको, कान दुखतात. स्स्सशाची गोष्ट तर बंदच केली आम्ही.”

“आठ मिनिटांत नीट करतो. काढा!”

वसुलीवाल्यानं रुमाल तोंडासमोर धरला, पाठ फिरवली आणि कवळी काढून दिली. गाल आत गेले. चिमणीचं पिल्लू झालं.

एवढ्यात वरून ओळखीच्या चपला वाजल्या.

“अहो, चष्मा विसरल...” म्हणत बायको शेवटच्या पायरीवर आली आणि थबकली. तिनं ते दोन मोठे, पुढे आलेले, प्रामाणिक दात पाहिले. एकदा पाहिले. दुसऱ्यांदा पाहिले.

“अय्या, भाऊजी! केव्हा आलात?”

बत्तीशीवाल्यांचा ऊर अभिमानानं भरून आला. याला म्हणतात काम! चोवीस वर्षं संसार केलेली बायको फसली!

मग त्यांना आठवलं, की आपल्याला भाऊच नाही.

“आत्ताच,” ते कसेबसे म्हणाले.

“आणि हे?”

वसुलीवाला तोंडावर रुमाल धरून उठून उभा राहिला आणि वाकला.

“हे माझे स्नेही.”

“बोलत नाहीत का?”

“दात माझ्याकडे आहेत.”

“मग बरंय,” बायको म्हणाली आणि प्लास्टरच्या पोत्यावर ऐसपैस बसली.

बत्तीशीवाल्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कवळी आपल्या मुठीत आहे तोवर गुपितही आपल्या मुठीत! त्यांनी मूठ घट्ट आवळली. ती कवळी त्यांना चावली. तीस वर्षांत पहिल्यांदा!

“भाऊजी, आलाच आहात तर एक सांगू?” बायको म्हणाली. “तुमच्या धाकट्याला जरा समजवा.”

वसुलीवाल्यानं जोरजोरात मान हलवली.

“बघा, यांनाही पटतंय. अहो, मनात काही असलं की सांगत नाहीत. चार महिने झाले, हे घोरायचे बंद झालेत. घोरणारा माणूस घोरायचा थांबला, की समजावं, जागा आहे.”

“त्याला... कामाचा ताण असेल,” थोरला म्हणाला.

“ताण कसला? आमच्या वाचनालयात बघा. लोक महिनोन्‌महिने पुस्तक दडवतात. का? तर दंड पडेल. दंड केवढा? एका चहाएवढा! भीती मात्र हत्तीएवढी! मी दिसले की रस्ता ओलांडून पलीकडून जातात. एक तर झाडामागे उभा राहिला, झाड कोवळं होतं, दोन्ही बाजूंनी दिसत होता! मी म्हणते, अरे बाबा, ये, पुस्तक ठेव, चुकलो म्हण आणि मोकळा हो. मी काय खाणार आहे का तुला?”

इथे वसुलीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. रुमाल खाली पडला. आपल्या धंद्याचं मर्म कोणी इतक्या थोडक्यात सांगितलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. तो काहीतरी उत्साहानं सांगू लागला, पण नुसती हवा आली.

“तुम्ही सावकाश बोला,” बायको त्याला मायेनं म्हणाली. “दात आल्यावर.” मग उठली. “येते मी, भाऊजी. हा चष्मा तुमच्या धाकट्याला द्या. तुमच्या नाकावरही बसेल म्हणा.”

चपला वर गेल्या. बत्तीशीवाल्यांनी चष्मा घातला, कवळी दिव्याखाली धरली आणि कसून पाहू लागले. टाळूकडची बाजू. समोरचे दात. मागची शेवटची दाढ. दाढेच्या मागच्या अंगाला, दिसेल न दिसेल अशी, कोरलेली इवलीशी मासोळी.

बत्तीशीवाले आपल्या प्रत्येक कामावर खूण करत. तीस वर्षं. मासोळीची.

त्यांचा आ वासला. वासला तो वासलाच, आणि थोरल्या भावाचे दात सुटून टपकन प्लास्टरच्या वाडग्यात पडले.

वसुलीवाल्यानं वाडग्याकडे पाहिलं. तोंडाकडे पाहिलं. फाइल उघडली, फोटो पाहिला. पुन्हा तोंड. पुन्हा फोटो. मग रिकाम्या खुर्चीकडे बोट करून भुवया उंचावल्या, जणू विचारत होता, दादा कुठे गेले?

“तोही मीच,” बत्तीशीवाले म्हणाले. मग त्यांनी दाढेवरची मासोळी त्याला दाखवली. “आणि ते गाढवही मीच.”

पुढची वीस मिनिटं कोणी काही बोललं नाही. एकाला दात नव्हते, दुसऱ्याला तोंड नव्हतं. घासणीचं यंत्र तेवढं घरघरत होतं. बत्तीशीवाल्यांनी घासलं, भरलं, पुन्हा घासलं, चकाकी दिली, धुतलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं.

वसुलीवाल्यानं कवळी बसवली. घाबरत घाबरत म्हणाला, “सोमवार.”

शिट्टी नाही!

“शनिवार. सासूबाई. संसार. ससा!” त्याच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. “सशानं कासवाला सांगितलं! सशानं कासवाला सांगितलं!” कागद तसाच बॅगेत कोंबून तो पायऱ्या चढू लागला. अर्ध्यावर थांबला. “महिनाभर मी फोन करत नाही. येतो, दादा.”

सवय अशी पटकन जात नाही.

संध्याकाळी घरी बायकोनं ताट वाढता वाढता विचारलं, “भाऊजी गेले?”

“गेले.”

“राहिले नाहीत?”

“घाई होती.”

“बरे वाटले हो. तुमच्यापेक्षा जरा शहाणे.”

बत्तीशीवाल्यांनी सांगायला तोंड उघडलं, त्यात घास घातला आणि मिटलं.

दहाव्या दिवशी वसुलीवाला पुन्हा हजर! पाय न पुसता आत आला.

“माझी शिट्टी परत द्या!”

“काय?”

“अहो, धंदा बसला माझा! आधी मी नुसतं ‘साहेब’ म्हटलं की समोरचा गार व्हायचा. आता कोणी घाबरतच नाही! काल एकाला म्हटलं, साहेब, सात हप्ते थकलेत. तर म्हणतो, किती गोड बोलता हो, गाता का? एक आजी मला रोज फोन करतात, बोलायला! दहा दिवसांत दमडी वसूल नाही. वरिष्ठांनी निक्षून सांगितलंय, या शुक्रवारपर्यंत आकडा दाखवा, नाहीतर घरी बसा.”

“मग देतो की अर्धा मिलिमीटर परत.”

वसुलीवाल्याचा चेहरा पडला. “पण मुलगी... सशाची गोष्ट चारदा ऐकली तिनं. पाचव्यांदा मागितलीय.”

बत्तीशीवाल्यांनी वही ओढली. अडलेल्या माणसाला बत्तीशीवाल्यांकडे एकच औषध असे.

दोन दिवसांत दोन डब्या तयार झाल्या. एकीवर लिहिलं होतं ‘घर’, दुसरीवर ‘ऑफिस’. ऑफिसच्या कवळीला त्यांनी जीव ओतून शिट्टी बसवली. पहिली चुकून झाली होती, ही ठरवून केलेली, त्यामुळे जास्त भयानक! म्हणे पहिल्याच फोनला एका कर्जदारानं आपलेच नव्हे, शेजाऱ्याचेही हप्ते भरले. वरिष्ठांनी चौकशी केली. मासोळीची खूण सापडली. आणि वसुली खात्यातून सात जणांची ऑर्डर आली. सातही जणांना स्वतःचे धडधाकट दात होते. त्यांना टाळूला लावायची पातळ पट्टी हवी होती, शिट्टीची. पैसे हातात द्यायचे नाहीत, कार्डातून वजा करायचे, असं ठरलं. वसुलीवाल्यांना शिट्ट्या विकून कर्ज फेडणारा जगातला पहिला माणूस आपणच, याबद्दल बत्तीशीवाल्यांच्या मनात शंका नव्हती.

म्हणजे आता बायकोला सांगायची गरजच उरली नव्हती. लाल पाकीट येणार नव्हतं. भट्टी जागेवर होती. टेबलाखालची पाकिटं काढून त्यांनी लाकडाचा तुकडा सारला. सगळं कसं छान झालं होतं. तरी घोरणं काही परत येईना.

शेवटी एका संध्याकाळी ताटावर बसताना त्यांनी खिशातून काहीतरी काढलं, मान वळवली आणि तोंडात बसवलं. वळले तेव्हा समोरचे दोन दात मोठे होते, पुढे आलेले, प्रामाणिक.

“सूनबाई,” ते म्हणाले.

बायकोनं हातातली पळी खाली ठेवली. “बोला, भाऊजी.”

“आमच्या धाकट्यानं एक गाढवपणा केलाय. ती भट्टी बचतीतून नाही घेतलेली. कार्डावर घेतली. हप्ते थकले. मग तुझ्यापासून लपवलं. आता फिटतायत ते. पण लपवलं ते लपवलंच.”

बायकोनं चष्मा नाकावर खाली ओढला. बघितलं. खूप वेळ बघितलं.

“किती उशीर झाला सांगायला?”

“दोन वर्षं.”

“दंड पडेल.”

“भरेल तो. मी सांगतो त्याला.”

“महिनाभर भांडी घासायची. त्यानं. तुम्ही नाही, भाऊजी, तुम्ही पाहुणे.” तिनं ताट पुढे सरकवलं. “आणि ते दात काढा आता. जेवताना गिळाल एखादा!”

बँकेचा पहिला फोन, त्या पहिल्या मंगळवारी, सकाळी नऊ वाजता घरी आला होता. तो बायकोनं घेतला, कारखान्याचा नंबर दिला आणि म्हणाली, अकरानंतर करा, त्याआधी त्यांचा चहा व्हायचा असतो.